घाईच्या खोलीतलं संथ काम

मे २००४ मध्ये एक औषधचाचणी मधेच थांबवावी लागली. डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेल्या किंवा गुंगीत आलेल्या रुग्णांना स्टिरॉइड द्यावं की नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. २०,००० रुग्ण लागतील असा हिशेब होता. १०,००८ झाले तेव्हाच देखरेख समितीने आकडे संशोधकांसमोर ठेवले. स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी १,०५२ जण दोन आठवड्यांच्या आत दगावले होते. दिसायला तशीच, पण औषध नसलेली सलाईन मिळालेल्यांपैकी ८९३. दोन्ही गट जवळपास सारखेच, पाचेक हजारांचे. फरक १५९ माणसांचा.

हे औषध तोवर तीस वर्षांहून अधिक काळ जगभर दिलं जात होतं, आणि ते कुणाच्या बेपर्वाईमुळे नव्हे. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो, स्टिरॉइडने सूज उतरते, मेंदूतल्या गाठींभोवतीची सूज तर खरोखरच उतरते. मग इथेही द्यावं, हा विचार सरळ होता. लहान लहान चाचण्या झाल्या होत्या, पण त्यांतून काहीच ठाम निघत नव्हतं. समोर तरुण मुलगा बेशुद्ध पडलेला असताना हातात असलेलं औषध न देणं डॉक्टरला जड जातं. आणि दगावलेल्या रुग्णाकडे बघून तो औषधाने गेला की माराने, हे जगातला कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. १५९ हा आकडा एकेका खाटेशी उभं राहून दिसतच नाही.

अपघातात सापडलेल्या माणसाचे पहिले काही तास, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीत इमर्जन्सी आणि ट्रॉमा, या क्षेत्रात संशोधन करणाऱ्याचं आयुष्य कशात जातं हे समजून घ्यायचं तर या १५९ पासून सुरुवात करावी असं मला वाटतं. निर्णय मिनिटांत घ्यायचा असतो, आणि तो बरोबर होता का हे कळायला कधी वीस वर्षं लागतात, कधी शंभर.

या विद्येची पहिली शाळा रणांगणावर भरली. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक डॉमिनिक-जाँ लारे हलक्या घोडागाड्या घेऊन लढाई चालू असतानाच जखमींपर्यंत पोचू लागले. त्याआधी लढाई थांबेपर्यंत जखमी पडून राहत, आणि उचलायची वेळ आली की आधी अधिकारी, मग शिपाई. लारे यांनी जखम किती गंभीर आहे एवढंच बघायचं ठरवलं. हुद्दा बघायचा नाही. आज कॅज्युअल्टीच्या दारात ट्रायेज म्हणतात त्याची मुळं इथे आहेत. १८१२ साली बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी एका दिवस-रात्रीत सुमारे २०० हातपाय कापले असं सांगतात. भूल नव्हती, रक्त चढवणं नव्हतं. वेग हेच त्यांचं औषध होतं.

रक्त चढवता यायला पुढे शंभर वर्षं गेली. १९०१ मध्ये कार्ल लँडस्टाइनर यांनी रक्तगट दाखवून दिले, आणि १९१७ मध्ये ऑस्वल्ड रॉबर्टसन या अमेरिकी लष्करी डॉक्टरने रक्त गोठू न देणारं सायट्रेट घालून बर्फात ठेवलेलं रक्त आघाडीजवळ साठवलं. पण त्याच महायुद्धातली मला अधिक मोलाची वाटणारी गोष्ट एका वाक्याची आहे, आणि ते लिहिलं प्रयोगशाळेतल्या माणसाने.

वॉल्टर कॅनन हार्वर्डमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. युद्धात ते फ्रान्समधल्या रुग्णालयांत गेले आणि शॉकमधल्या सैनिकांच्या उशाशी बसून मोजमापं घेऊ लागले. अंग गार, नाडी दोऱ्यासारखी बारीक, बीपी तळाला, असे हे रुग्ण. कॅनन यांनी शॉकचं जे कारण सुचवलं, ते पुढे टिकलं नाही. चिरडलेल्या मांसातून विष सुटतं असं त्यांना वाटलं होतं. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी दाखवलं की रक्त आणि द्रव रक्ताभिसरणातून बाहेर जातो, तोच तोटा मुख्य. पण १९१८ साली कॅनन आणि सहकाऱ्यांनी एक इशारा लिहून ठेवला होता. बीपी खाली गेल्यामुळेच कदाचित रक्तवाहिनीच्या तोंडाशी धरलेली गाठ टिकून असते. शल्यचिकित्सक रक्तस्राव थांबवायला तयार होण्याआधीच द्रव देऊन बीपी वर आणलं, तर ती गाठ निघून जाईल आणि ज्या रक्ताची सगळ्यात जास्त गरज आहे तेच वाहून जाईल.

हे वाक्य छापलं गेलं आणि विसरलं गेलं. पुढच्या पिढ्यांनी शॉकचा अभ्यास प्राण्यांवर केला, आणि त्या प्रयोगांत एक खोट राहून गेली. प्राण्याच्या रक्तवाहिनीत नळी घालून मोजून रक्त काढायचे, नळी बंद करायचे, मग सलाईन द्यायचे, प्राणी सावरायचा. पण नळीला झाकण असतं. चाकूने फाटलेल्या धमनीला झाकण नसतं. प्रयोगातला रक्तस्राव थांबलेला होता, रस्त्यावरच्या माणसाचा चालू होता, आणि पहिल्यावरून दुसऱ्यासाठी नियम बनले. व्हिएतनाम युद्धाच्या काळापर्यंत भरपूर सलाईन हा शॉकचा पहिला उपचार झालेला होता. रुग्णवाहिकेतच दोन्ही हातांना जाड सुया लावून बाटल्या सोडायच्या, हे तंत्र शिकवलं जाऊ लागलं.

युद्धाबाहेर मात्र या विषयाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला आणि अपघाताला आधुनिक समाजाचा दुर्लक्षित रोग म्हटलं. आदल्या एका वर्षात त्या देशात १,०७,००० माणसं अपघाताने गेली होती. अहवालातला मला सगळ्यात बोचणारा तपशील वेगळाच आहे: देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक चालवत होते, कारण आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. जखमीला न्यायला शववाहिका. कोरिया आणि व्हिएतनाम पाहिलेल्या डॉक्टरांचं मत अहवालात नोंदलेलं आहे की गंभीर जखमी व्हायचंच असेल तर शहरातल्या रस्त्यापेक्षा युद्धभूमीवर वाचण्याची शक्यता जास्त.

त्याच काळात पिट्सबर्गमध्ये पीटर सफार काम करत होते. तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं यांची सांगड घालून आजचं सीपीआर घडवणाऱ्यांपैकी ते एक. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. १९६७ मध्ये त्यांनी शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीतल्या, बहुतेक बेरोजगार असलेल्या तरुणांना निवडून रुग्णवाहिकेतल्या उपचारांचं कसून प्रशिक्षण दिलं. फ्रीडम हाउस हे त्या सेवेचं नाव. ज्या वस्तीत तोवर आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत, तिथले हे तरुण रस्त्यावरच श्वासनलिकेत नळी घालू लागले. नॅन्सी कॅरोलाइन या डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर काम करत पॅरामेडिकचा जो अभ्यासक्रम लिहिला, तो पुढे देशभर वापरला गेला. १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद करून स्वतःची सुरू केली, आणि या तरुणांतल्या बहुतेकांना नव्या व्यवस्थेत जागा राहिली नाही. या विषयाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळून चालत नाही. अनेक वर्षं ते वगळलेच गेले होते.

बाल्टिमोरमध्ये आर. ॲडम्स काउली या हृदयशल्यचिकित्सकाने लष्कराच्या पैशांतून शॉकवर संशोधन सुरू केलं होतं. जागा दोन खाटांची. इतर विभागांनी हात टेकलेले रुग्ण तिथे यायचे, त्यामुळे रुग्णालयातले लोक त्या खोलीला 'डेथ लॅब' म्हणत. काउली यांचं म्हणणं असं, की शॉकमधला माणूस त्या क्षणी मरत नसला तरी शरीरात काहीतरी परत न फिरवता येणारं घडून जातं. मृत्यू तीन दिवसांनी येतो, तीन आठवड्यांनी येतो, पण ठरतो पहिल्या तासाभरात. या तासाला त्यांनी 'गोल्डन अवर' म्हटलं. त्या दोन शब्दांनी काय काय केलं! १९७० मध्ये मेरीलँडच्या राज्य पोलिसांची हेलिकॉप्टरं जखमींना थेट त्यांच्या केंद्रात आणू लागली. १९७३ मध्ये राज्यपालांच्या आदेशाने त्या केंद्राला स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. एका राज्याची संपूर्ण आपत्कालीन यंत्रणा एका माणसाच्या हट्टातून उभी राहिली.

हा तास साठ मिनिटांचाच का, याला मात्र आधार सापडत नव्हता. २००१ मध्ये दोन संशोधकांनी या कल्पनेचा माग काढला. जुने निबंध उलगडत मागे गेले आणि तळाशी ठोस पुरावा नाही अशा निष्कर्षाला आले. २०१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ३,६५६ गंभीर जखमींचा अभ्यास प्रसिद्ध झाला: घटनास्थळापासून रुग्णालयापर्यंत लागलेला वेळ आणि मृत्यू यांत संबंध दिसला नाही. काउली चुकले होते असं यावरून म्हणता येत नाही. जे जास्त अत्यवस्थ असतात त्यांना लोक जास्त घाईने नेतात, त्यामुळे असे अभ्यास वेळेचा परिणाम झाकून टाकू शकतात. मिनिटांची किंमत नेमकी किती, हा प्रश्न तसाच उभा राहिला. त्याचं उत्तर पुढे अनपेक्षित ठिकाणाहून आलं, त्याकडे येतोच.

आधी मोजपट्ट्यांबद्दल सांगायला हवं, कारण मोजल्याशिवाय संशोधकाला धंदाच नाही. १९७४ हे त्या दृष्टीने फार मोठं वर्ष. ग्लासगोमध्ये ग्रॅहम टिसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची रीत दिली: डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय कसे हलवतो. आज जगातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत 'जीसीएस किती?' असं विचारतात, ते हेच. सगळ्यात कमी ३, सगळ्यात जास्त १५. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समधल्या साथरोगतज्ज्ञ सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी २,१२८ वाहन-अपघातग्रस्तांच्या नोंदींवरून इजेचा स्कोअर काढला. शरीराच्या तीन सर्वाधिक जखमी भागांच्या इजेचे श्रेणी-अंक घ्यायचे, प्रत्येक अंक त्याच अंकाने गुणायचा आणि बेरीज करायची. इतकी साधी बेरीज, पण तिच्यामुळे दोन रुग्णालयांतले मृत्यू पहिल्यांदा न्यायाने ताडता आले. 'आमच्याकडे जास्त मरतात कारण आमच्याकडे जास्त गंभीर येतात' हे आता नुसतं बोलून चालणार नव्हतं.

१९७९ मध्ये जॉन वेस्ट, डोनाल्ड ट्रंकी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, तुलना प्रसिद्ध केली. सॅन फ्रान्सिस्कोत सगळे गंभीर जखमी एकाच ट्रॉमा केंद्रात जात. ऑरेंज काउंटीत जवळच्या कुठल्याही रुग्णालयात. रुग्णालयात पोचून मग दगावलेल्या, प्रत्येकी नव्वदेक वाहन-अपघातग्रस्तांचे कागद तपासले. ऑरेंज काउंटीत डोक्याची इजा सोडून इतर कारणांनी गेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू टाळता आले असते असं ठरलं. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू एकच. जवळचं रुग्णालय म्हणजे योग्य रुग्णालय नव्हे, हे त्या कागदांनी सांगितलं, आणि ऑरेंज काउंटीने पुढच्याच काळात स्वतःची ट्रॉमा केंद्रं नेमली.

जेम्स स्टायनर संशोधक नव्हते, तरी त्यांच्याशिवाय ही हकीगत पुढे जात नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये हा अस्थिशल्यचिकित्सक स्वतः चालवत असलेलं छोटं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली. चार मुलांपैकी तिघं गंभीर. त्यांनी रस्त्यावरची गाडी थांबवून मुलांना जवळच्या रुग्णालयात आणलं, आणि तिथले उपचार पाहून ते हादरले: मानेला इजा असू शकते याचंही भान न ठेवता मुलाला उचललं जात होतं. शेतातल्या अंधारात, हाती काही नसताना आपण मुलांसाठी जे केलं त्याहून इथे वाईट होतंय, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. १९७८ मध्ये नेब्रास्कातल्याच ऑबर्न गावी पहिला अभ्यासवर्ग झाला, १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो आपलासा केला, आणि आज एटीएलएस या नावाने ८० हून अधिक देशांत शिकवला जातो. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. निदान पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. जे आधी मारेल ते आधी धरायचं. या शिक्षणाने मृत्यू खरोखर कमी होतात असं दाखवणारी नियंत्रित चाचणी वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्याला सापडली नाही, हेही इथे नोंदवायला हवं. तरी हा क्रम मला पटतो. मला पटणं हा पुरावा नाही, ही गोष्टही याच क्षेत्राने मला शिकवली.

एव्हाना हा स्वतंत्र पेशा झाला होता. १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात इमर्जन्सी मेडिसिनची पहिली रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण, सुरू झाली, १९७९ मध्ये अमेरिकेत विशेषशाखा म्हणून मान्यता आली. भारतात ती २००९ मध्ये मिळाली. कॅज्युअल्टीत आयुष्य काढायचं ठरवलेली माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर जुन्या सवयींना प्रश्न विचारायची सवयही.

पहिला धक्का एका विजारीला बसला. हवा भरली की पाय आणि पोट आवळणारी ही विजार व्हिएतनाममधून आली होती. खालचं रक्त वर ढकललं जाईल, बीपी चढेल, अशी कल्पना. बीपी चढायचंही. ह्यूस्टनमध्ये केनेथ मॅटॉक्स यांनी ९११ रुग्णांवर चाचणी केली. १९८९ मध्ये निकाल आला की विजार घातलेल्यांचा काही फायदा झाला नाही. आकडा सुधारतो आणि माणूस सुधारत नाही, हे इतक्या स्पष्टपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

मग त्याच शहरात विल्यम बिकेल, मॅटॉक्स आणि सहकाऱ्यांनी सलाईनलाच हात घातला. छाती-पोटात चाकू किंवा गोळी लागलेले, बीपी ९० किंवा त्याखाली असलेले ५९८ रुग्ण. एक दिवस नेहमीसारखं रस्त्यातच सलाईन सुरू करायचं, दुसऱ्या दिवशी सुई लावून ठेवायची पण शस्त्रक्रियागृहात पोचेपर्यंत थेंब सोडायचा नाही. रुग्णवाहिकेतल्या माणसाची कल्पना करा: समोर बीपी पडत चाललंय, हाताशी बाटली आहे, आणि आज तारीख 'थांबायची' आहे. १९९४ मध्ये निकाल छापून आला. लगेच सलाईन मिळालेल्यांपैकी ६२ टक्के वाचले, थांबलेल्यांपैकी ७० टक्के. कॅनन यांच्या इशाऱ्यानंतर ७६ वर्षांनी.

ज्यांच्यावर या चाचण्या होतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक वाटेत किंवा अजून कळलेलंच नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये नियम झाला की जीवघेण्या तातडीत, अगदी ठराविक अटींवर, परवानगीशिवाय चाचणी करता येईल. मात्र आधी त्या भागातल्या लोकांशी चर्चा करायची आणि सगळं जाहीर करायचं. या नियमाखालच्या सुरुवातीच्याच एका चाचणीत रक्ताऐवजी प्रक्रिया केलेलं हिमोग्लोबिन देऊन पाहिलं. ९८ रुग्णांवर ती थांबवावी लागली: हिमोग्लोबिन मिळालेल्यांपैकी ४६ टक्के दगावले, सलाईनवाल्यांपैकी १७ टक्के. त्या रुग्णांपैकी बहुतेकांनी 'हो' म्हटलेलं नव्हतं. संशोधकाच्या आयुष्यातलं हे ओझं कुठल्याही नियमाने हलकं होत नाही, आणि होऊही नये.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. सवयीने स्टिरॉइड देणाऱ्या डॉक्टरला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेच स्टिरॉइड उपयोगी आहे का, हे, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही याची चिठ्ठी टाकून, शोधणाऱ्याला मात्र कागदांचा गठ्ठा भरावा लागायचा. सहीसाठी थांबलं की उपचाराला उशीर, आणि उशीर झाला की औषधाचा गुणच कमी. लंडनच्या गटाने पुढे स्वतःच्या आकड्यांवरून हे दाखवून दिलं.

तो लंडनचा गट म्हणजे लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधले इयन रॉबर्ट्स, चाचण्यांची सगळी यंत्रणा सांभाळणाऱ्या हलिमा शकूर-स्टिल आणि त्यांचे सहकारी. रॉबर्ट्स मूळचे लहान मुलांचे डॉक्टर. रस्त्यावर चालताना गाडीखाली येणाऱ्या मुलांवर त्यांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला अभ्यास केला. सुरुवातीला सांगितलेली, २००४ मध्ये थांबलेली चाचणी याच गटाची होती. तिची मांडणी मला या क्षेत्रातली सगळ्यात प्रामाणिक वाटते. डॉक्टरला खात्री असेल की औषध द्यायलाच हवं, तर रुग्ण चाचणीत घ्यायचा नाही. खात्री असेल की देऊ नये, तरीही घ्यायचा नाही. मनापासून 'माहीत नाही' असेल तरच पुढचा पुडा उघडायचा; त्यात औषध आहे की नुसती सलाईन, हे उघडणाऱ्याला माहीत नसतं. फॉर्म छोटा, कारण भरणारा माणूस रात्रपाळीतला रजिस्ट्रार डॉक्टर असतो आणि त्याच्या हाताला रक्त लागलेलं असतं. इतकं सोपं ठेवल्यामुळेच ४९ देशांतली रुग्णालयं सामील होऊ शकली.

पुढची चाचणी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची. हे औषध आधीच चाळीसेक वर्षं जुनं होतं. युद्धानंतरच्या जपानात उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याकडे साधनं नव्हती. रक्तावर संशोधन करायचं ठरवलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं वापरता येईल. रक्ताची गुठळी विरघळवणारी क्रिया रोखेल असा पदार्थ हवा होता. लायसिन या अमिनो आम्लापासून सुरुवात करून त्यांनी शेकडो रसायनं पारखली, आणि १९६२ मध्ये ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मांडलं. उताको मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने जाणाऱ्या बायका वाचाव्यात ही त्यांची इच्छा, पण प्रसूतितज्ज्ञांना त्या चाचणीसाठी राजी करू शकल्या नाहीत. औषध दात काढताना, पाळीच्या अतिरक्तस्रावात, पुढे नियोजित शस्त्रक्रियांत वापरलं जात राहिलं. रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात पडलेल्या माणसाला कुणी देऊन पाहिलंच नव्हतं.

४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत, २०,२११ जखमींना ते किंवा नुसती सलाईन मिळाली. दहा मिनिटांत एक ग्रॅम, मग आठ तासांत आणखी एक. २०१० मध्ये निकाल आला: औषध मिळालेल्यांपैकी १,४६३ दगावले, न मिळालेल्यांपैकी १,६१३. फरक १५०. आधीच्या चाचणीत औषधाच्या बाजूला १५९ मृत्यू जास्त होते. या वेळी १५० कमी. दोन्ही आकडे एकाच गटाने, एकाच पद्धतीने, तितक्याच निमूटपणे छापले. या आकड्यांशी बसून काम करणाऱ्या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

याच रुग्णांच्या आकड्यांत काउली यांच्या तासाचं उत्तर होतं. २०११ मध्ये वेळेनुसार पुन्हा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की पहिल्या तासात औषध मिळालं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ वर येतात. तीन तासांपर्यंत फायदा राहतो. तीन तासांनंतर दिलं तर उलट वाढतात, ३.१ वरून ४.४. एकच औषध, तेच प्रमाण, आणि घड्याळाचा काटा पुढे गेला की अपाय. २०१८ मध्ये ४०,१३८ रुग्णांच्या माहितीवरून आणखी बारीक उत्तर मिळालं: दर १५ मिनिटांच्या उशिराने औषधाचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो.

असं का, याचा काही भाग करीम ब्रोही यांनी २००३ मध्येच दाखवला होता. लंडनला हेलिकॉप्टरने आणलेल्या १,०८८ जखमींपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाचं रक्त रुग्णालयात पोचतानाच नीट गोठेनासं झालेलं होतं. तोवर समज अशी की सलाईन चढवून रक्त पातळ होतं म्हणून ते गोठत नाही. ब्रोही यांच्या नोंदींत त्याचा दिलेल्या द्रवाशी संबंध लागेना. मार आणि शॉक यांनीच शरीर स्वतःच्या गुठळ्या विरघळवायला लागतं, आणि हे पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतं. ओकामोतो दांपत्याचं औषध नेमकं तिथेच काम करतं.

बाळंतिणींची चाचणी शेवटी झाली. रॉबर्ट्स जपानला जाऊन उताको यांना भेटले होते. नव्वदी ओलांडलेल्या उताको म्हणाल्या की संशोधन न करताही त्यांना माहीत आहे, औषध काम करणार. त्या बरोबर होत्या, पण स्टिरॉइड देणारेही इतकेच खात्रीने बोलत. त्यामुळे २०,०६० स्त्रियांचा सहभाग लागलाच. २०१७ मध्ये निकाल आला: रक्तस्रावाने झालेले मृत्यू औषध न मिळालेल्यांत १९१, मिळालेल्यांत १५५, आणि इथेही फायदा तीन तासांच्या आत दिलं तरच. उताको ओकामोतो आदल्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, ९८ व्या वर्षी गेल्या होत्या.

आता अडचण शिरेची आहे. शॉकमधल्या माणसाची शीर सापडत नाही, अंधारात तर नाहीच, आणि प्रसूती घरी झाली असेल तर शीर धरणारं कुणी जवळ नसतं. म्हणून स्नायूत टोचून पाहिलं. रक्तस्राव होत असलेल्या ३० जखमींवर केलेल्या अभ्यासात असं इंजेक्शन दिल्यावर औषध रक्तात पुरेशा पातळीला किती वेळात पोचतं हे मोजलं. पुरेशा मानलेल्या दोन पातळ्यांपैकी खालची ४ मिनिटांत आली, वरची ११ मिनिटांत. डोक्याला हलका मार लागलेल्या वयस्कर माणसांना रुग्णवाहिकेतच असं इंजेक्शन देऊन बघायची मोठी चाचणी त्यानंतर हाती घेतली गेली. तिथेही प्रत्येक पुड्यावर नंबर आहे, आणि आत औषध आहे की नाही हे सुई टोचणाऱ्याला माहीत नसतं.